लाइट बंद करून ऐकायची रेकॉर्ड : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात पिंक फ्लॉइड या इंग्लंडच्या रॉक बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या 1973 च्या रेकॉर्डबद्दल चार ओळी काय लिहिल्या, मेलबॉक्स तुडुंब. निम्म्या लोकांनी विचारलंय की यात एवढं आहे तरी काय आणि उरलेल्या निम्म्यांनी मला झापलंय की चार ओळींत कसं काय उरकलंत. मग आज अख्खा कॉलम त्यालाच. नावं कुणाचीच छापत नाहीये, पहिल्याच पत्रातल्या ताईंनी तशी अट घातलीय, म्हटलं मग सगळ्यांना तोच नियम.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज रात्री जेवण झालं की खोलीतला लाइट बंद करून हेडफोन लावून पडून राहतो. विचारलं तर म्हणतो पिंक फ्लॉइड ऐकतोय. आमचे भाऊजी म्हणाले ही सगळी गांजा ओढणाऱ्यांची गाणी, पोरावर लक्ष ठेवा. मी एकदा त्याच्या हेडफोनमधून ऐकलं तर आधी नुसती घड्याळं वाजत होती आणि नंतर एक बाई ओरडत होती. काळजी करू का? (सोलापूर)

उत्तर : ताई, भाऊजींना आधी चहा द्या. त्यांचं अगदीच चुकलंय असं मी म्हणणार नाही, कारण हा बँड सुरुवातीला लंडनच्या सायकेडेलिक क्लबांमधे वाजवायचा, म्हणजे भिंतीवर वितळल्यासारखे रंग सोडणारे प्रोजेक्टर, संपता न संपणारी गाणी आणि समोरच्या पब्लिकमधे एलएसडी घेतलेलेही बरेच. तेव्हाचा त्यांचा म्होरक्या सिड बॅरेट. बहुतेक गाणी तोच लिहायचा, गायचाही तोच. 1967 संपता संपता त्याची अवस्था अशी झाली की स्टेजवर गिटार गळ्यात अडकवून नुसता उभा राहायचा. त्यात एलएसडीचा हात किती आणि मुळातला मनाचा आजार किती यावर लोक आजही भांडतात, पण 1968 मधे तो बँडमधून बाहेर पडला तो पडलाच. मागे राहिले बेस गिटारवाला रॉजर वॉटर्स, पियानो-ऑर्गनवाला रिचर्ड राइट, ड्रमवाला निक मेसन आणि सिडला सांभाळून घ्यायला आणलेला गिटारवाला डेव्हिड गिलमोर. ही रेकॉर्ड या चौघांची. म्हणजे बघा, आपल्या दोस्ताचं डोकं डोळ्यांसमोर निसटताना बघितलेली ही माणसं, आणि शेवटाकडचं 'ब्रेन डॅमेज' हे गाणं सिडची आठवण ठेवूनच लिहिलंय. नशेची जाहिरात म्हणून ऐकायला गेलात तर हाताला काहीच लागणार नाही.

विषय काय आहेत सांगू? वेळ हातातून निघून जातोय, पैशापायी माणूस काय काय होतो, प्रवासाची दगदग, मरणाची भीती, आपण आणि ते अशी भांडणं, आणि डोकं फिरायची भीती. रात्री दोनला जाग आली की तुमच्या माझ्या डोक्यात जे फिरतं तेच हे सगळं. आणि रेकॉर्ड करताना हे लोक किती घरगुती होते ते ऐकून भाऊजींची निराशा होईल, टीव्हीवर 'मॉन्टी पायथन'चा विनोदी कार्यक्रम लागला की काम थांबवायचे आणि आर्सेनलची फुटबॉल मॅच असली की वॉटर्स स्टुडिओतून पसार.

आता ती घड्याळं. ॲबी रोड स्टुडिओचा इंजिनिअर ॲलन पार्सन्स घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेका घड्याळाचा आवाज वेगवेगळा टेप करून आला होता, खरं तर चार स्पीकरवाल्या क्वाड्राफोनिक आवाजाचं प्रात्यक्षिक दाखवायला. त्यानं ते ऐकवलं आणि यांनी 'टाइम' गाण्याच्या तोंडाला बसवलं. मग सगळी घड्याळं एका क्षणी टोले द्यायला लागतील अशा बेतानं टेपा जुळवत बसायचं, कारण तेव्हा कॉम्प्युटर नव्हता की माउसनं ओढलं आणि बसवलं. त्या घड्याळांनंतर टिक टिक वाजतं ते मात्र घड्याळ नाही, वॉटर्स बेस गिटारच्या तारा दाबून धरून तसा आवाज काढतोय. मुलाला विचारून बघा त्याला माहितीये का, नसेल तर पुढचे आठ दिवस घरात तुमचा मान वाढलेला असेल. काळजी जेवणखाण, झोप, कॉलेज यावरून करा हो, रेकॉर्डवरून नको. 43 मिनिटांची तर आहे.

प्रश्न : मी तबला शिकतो, तिसरी परीक्षा झालीये. 'मनी' गाण्यात सात मात्रा आहेत असं ऐकलं आणि मोजलं तर खरंच सात निघाल्या. मग हा रूपकच ना? आमचे सर म्हणाले असलं काही नसतं, रियाज कर. (मिरज)

उत्तर : रियाज कर हे सरांचं बरोबर आहे, ते आधी. पण तुझं मोजणंही बरोबर आहे रे. सातच आहेत. फक्त सात मात्रा म्हटलं की रूपक होत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. रूपकची गंमत काय, तर पहिलीच मात्रा खाली, ती ती ना करत सम हलकी येते आणि वजन पुढच्या धी वर पडतं. 'मनी'मधे उलटं आहे. वॉटर्सचा बेस पहिल्या मात्रेवर धप्पकन बसतो, अख्ख्या चक्रात सगळ्यात जड जागा तीच. एकदा रूपकचा ठेका त्यावर धरून बघ, मात्रा जुळतील पण जीव जुळणार नाही, आणि ते का जुळत नाही हे हातानं शोधायला फार मजा येईल. सरांसमोर नको करूस.

गाण्याच्या सुरुवातीला जो चिल्लर पैशांचा ठेका येतो ना, तोही सातचाच. नाणी खुळखुळणं, कागद फाडणं, दुकानातला गल्ला उघडणं असे आवाज रेकॉर्ड केले, टेपचे पट्टीनं मोजून सारख्या लांबीचे तुकडे कापले, ते एकाला एक चिकटवून गोल माळ केली आणि ती मशीनवरून फिरवत ठेवली. नाण्यांचा आवाज कुठे काढला माहितीये? वॉटर्सच्या तेव्हाच्या बायकोचं कुंभारकामाचं सामान घरी होतं, त्यातल्या माती कालवायच्या मोठ्या वाडग्यात मूठमूठ नाणी टाकून. म्हणजे तालाचं एक आवर्तन खरोखर हातात धरता येत होतं, एवढी एवढी टेप म्हणजे एक मात्रा! मला या रेकॉर्डमधलं सगळ्यात आवडतं ते हेच, लोक म्हणतात स्वप्नातल्यासारखं वाजतं आणि आत बघावं तर कात्री, पट्टी आणि चिकटपट्टी.

आता एक गृहपाठ. डिक पॅरीचा सॅक्सोफोन सातातच वाजतो, पण गिलमोरचा गिटार सुरू झाला की ताल बदलून सरळ चारचा होतो आणि सोलो संपला की परत सात. सातात सोलो वाजवत बसण्यापेक्षा चारात मोकळेपणी वाजवता येतं म्हणून. ती बदलायची जागा हातावर टाळी देत पकड. शिवाय लयही हळूहळू चढत जाते, तेव्हा कानात क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी टिकटिक, लावून वाजवायची आजच्यासारखी सक्ती नव्हती, माणसं तापली की लय तापायची. हे सरांना ऐकव, कदाचित पटेल त्यांना.

प्रश्न : 'द ग्रेट गिग इन द स्काय' मधे ती बाई नक्की कुठले शब्द म्हणते? मी बारा वर्षं शास्त्रीय गाणं शिकतेय, मला तर तो आलापच वाटतो. नेटवर शोधलं तर प्रत्येकानं वेगळंच काहीतरी लिहिलंय. (पुणे)

उत्तर : शब्दच नाहीत. सोलापूरच्या ताईंनी वर ओरडणारी बाई म्हटलंय ती हीच. नाव क्लेअर टॉरी, तेव्हा जेमतेम पंचविशीची, पैसे घेऊन इतरांच्या रेकॉर्डवर गाणारी सेशन सिंगर. हा तुकडा मूळ रिचर्ड राइटचा, 1972 च्या कार्यक्रमांमधे तो ऑर्गनवर वाजवायचे आणि वर बायबलमधले उतारे वगैरे टेपवरून ऐकवायचे, मरणाचा विषय म्हणून. ते काही रंगेना. मग ऑर्गन जाऊन पियानो आला आणि अगदी शेवटी शेवटी, जानेवारी 1973 मधे, कुणीतरी गायला पाहिजे असं ठरलं आणि पार्सन्सनं टॉरीचं नाव सुचवलं. रविवारी संध्याकाळी बोलावली. तिला सांगितलं काय, तर विषय मरण, शब्द नकोत. सवयीनं तिनं पॉप गाण्यातले ऊ बेबी सुरू केले तर म्हणे तेही नको. मग तिनं ठरवलं की आपण गायिका नाहीच, वाद्य आहोत असं समजून गायचं. दोन-तीन टेक झाले आणि आपण फारच वाहवत गेलो या लाजेनं ती माफी मागून घरी निघून गेली. आपला आवाज रेकॉर्डवर ठेवलाय हे तिला कळलं तेच मुळी दुकानात कव्हरवर स्वतःचं नाव वाचून.

रविवारचा दुप्पट दर धरून मिळाले 30 पौंड. फक्त.

तुम्हाला आलाप वाटतो ते मला अगदी पटतं पण एक फरक सांगतो, आपल्या आलापाला रागाची चौकट असते, पुढच्या सुराची वाट आपण ओळखीच्या घरात बघतो. इथे टॉरीला पायाखाली फक्त राइटचे पियानोचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले सुरांचे गुच्छ, आहेत आणि ते बदलत जातात, ती त्यांच्यावरून पाय घसरत चालल्यासारखी जाते. तिच्यासमोर कागदावर सूर लिहिलेले नव्हतेच. म्हणून मग पुढचा प्रश्न येतो की ही चाल कुणाची? 2004 मधे तिनं तोच दावा कोर्टात मांडला की संगीतकार म्हणून माझाही वाटा आहे, 2005 मधे कोर्टाबाहेर समझोता झाला आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांवर संगीत म्हणून राइटच्या शेजारी टॉरीचं नाव येतं. बत्तीस वर्षं लागली बाईंना. मैफलीत साथीदारानं अंगच्या बुद्धीनं भरलेल्या जागा कुणाच्या नावावर जातात हे तुम्ही बारा वर्षांत बघितलं असेलच, मी वेगळं काय सांगू.

प्रश्न : फोनवर ऐकतो तर प्रत्येक गाण्याच्या मधे आवाज कट होतो, चिडचिड होते. माझा फोन खराब आहे का? (नांदेड)

उत्तर : फोन नाही, सेटिंग. ॲपमधे गॅपलेस असा पर्याय असेल तो चालू करा, क्रॉसफेड असेल तर बंद, आणि शफल तर हातपण लावू नका. गाणी एकातून एक निघतात, मूळ एलपीला मधे एकच थांबा होता, 'ग्रेट गिग'नंतर उठून बाजू पलटायचा, आणि दुसरी बाजू 'मनी'च्या चिल्लरनं सुरू. फुकटच्या ॲपवर ऐकत असाल तर मधे साबणाची जाहिरात येणार, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

प्रश्न : 'द विझर्ड ऑफ ऑझ' हा जुना इंग्रजी सिनेमा आवाज बंद करून लावला आणि वर ही रेकॉर्ड लावली तर सगळं जुळतं म्हणे. त्यांनी मुद्दाम केलंय का? मी आणि रूममेटनी पहाटे तीनपर्यंत बसून बघितलं. (हिंजवडी)

उत्तर : आणि सकाळी ऑफिसला गेलात का? बँडचे लोक आणि पार्सन्स सगळे वर्षानुवर्षं नाही नाही म्हणतायत. साधा विचार करा, 1972 मधे स्टुडिओत सिनेमा लावायचा, थांबवायचा, मागे न्यायचा आणि त्याच्याशी सेकंदाला सेकंद वाजवायचं, हे करायला व्हिडिओ प्लेयर होता कुठे? शिवाय सिनेमा दीड तासाच्या वर आणि रेकॉर्ड 43 मिनिटं, म्हणजे दोनदा तीनदा लावावी लागते, एवढ्या वेळात आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं व्हिडिओ शूटिंग लावलंत तरी काहीतरी जुळेल. पण सिनेमाचं आणि यांचं खरं नातं आहे, ते ऐका. 'अस अँड देम'ची पियानोची चाल राइटनं मुळात इटालियन दिग्दर्शक अँटोनिओनीच्या 'झॅब्रिस्की पॉइंट' सिनेमासाठी केली होती, मारामारीच्या प्रसंगासाठी, आणि अँटोनिओनीनी ती नाकारली. मारामारीवर इतकी हळुवार चाल. ती पडून राहिली आणि दोनेक वर्षांनी इथे आली. नकार मिळालेल्या गोष्टी टाकून देत नव्हते हे लोक.

प्रश्न : गाण्यांच्या मधे मधे पुटपुटणारी माणसं कोण आहेत? एक जण तर वेड्यासारखा हसतो. लहानपणी दादा ही कॅसेट लावायचा तेव्हा मी पांघरुणात जायचे. (ठाणे)

उत्तर : हा माझा सगळ्यात लाडका विषय. वॉटर्सनं पुठ्ठ्याच्या कार्डांवर प्रश्न लिहिले आणि ॲबी रोडमधे जो सापडेल त्याला धरून अंधाऱ्या स्टुडिओत माइकसमोर बसवला, समोर कार्डांची चवड, एकेक उचल, वाच, उत्तर दे. सुरुवातीला सोपे, आवडता रंग कुठला वगैरे, माणूस सैल झाला की मग शेवटची मारामारी कधी केलीस, तेव्हा तुझं बरोबर होतं का, मरणाची भीती वाटते का. यात रोडी होते, म्हणजे बँडचं सामान उचलणारे, जोडणारे. ते तुम्हाला पांघरुणात घालवणारं हसू त्यांच्यातल्याच पीटर वॉट्सचं, आत्ताची नट्या-बिट्यांमधली मोठी नाओमी वॉट्स आहे ना, तिचे वडील. शेजारच्या स्टुडिओत पॉल मॅकार्टनी काम करत होता, त्यालाही बसवला, पण तो पडला मुरलेला कलाकार, जपून आणि मजेशीर उत्तरं द्यायला गेला आणि ती वापरलीच नाहीत. विचार करा, बीटल्सवाला कापला आणि दारावरचा माणूस ठेवला! खरंच, जेरी ओ'ड्रिस्कॉल म्हणून स्टुडिओचा डोअरमन होता आयरिश, रेकॉर्ड अगदी संपताना हृदयाच्या ठोक्यांवर जो म्हणतो की चंद्राला काळोखी बाजू अशी काही नसतेच, खरं तर सगळाच काळोख आहे, तो आवाज त्याचा. एवढा खर्च करून बनवलेल्या रेकॉर्डचा शेवटचा शब्द वॉचमनला. हे मला अजूनही भारी वाटतं.

प्रश्न : 741 आठवडे नंबर वन होती हे खरं का? पैज लागलीये, वडापावची. (डोंबिवली)

उत्तर : वडापाव गेला तुमचा. अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत नंबर वन होती फक्त एक आठवडा. 741 आठवडे ती पहिल्या दोनशेत कुठे ना कुठे होती, 1973 ते 1988. चौदा वर्षांच्या वर होतात, त्या पहिल्या आठवड्यात जन्मलेलं पोर नववीत गेलं तरी रेकॉर्ड यादीत. आणि त्यांच्या स्वतःच्या इंग्लंडात तेव्हा दोन नंबरच्या वर गेली नाही. तिथे पत्रकारांना पहिल्यांदा ऐकवली ती लंडनच्या तारांगणात, पण साउंडची व्यवस्था भिकार आहे म्हणून राइट सोडून बाकी तिघे रुसून आलेच नाहीत आणि त्यांच्या जागी दारात चौघांचे पुठ्ठ्याचे पुतळे उभे केलेले. लग्नात नवरदेव रुसावा तसं.

प्रश्न : तुम्ही उगाच चढवून ठेवलंय. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे खरी कारागिरी बाकीच्या बँड्सची. यांच्यातला एकतरी चपळ वाजवणारा दाखवा. (बंगळुरू)

उत्तर : दाखवता येणार नाही, मान्य. मेसन स्वतःला कधी महान ड्रमर म्हणवत नाही, वॉटर्सचा बेस तर साधासुधाच. पण चपळाई हा एकच निकष लावायचा तर मग टायपिंगच्या परीक्षेला जाऊन बसावं माणसानं. यांनी मोकळी जागा सोडली. 'ब्रीद'मधे राइटनं एक कॉर्ड घातलाय जो त्यानं जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या रेकॉर्डवरून उचलला असं तो स्वतः सांगायचा, अख्ख्या गाण्याचा रंग त्या एका ठिकाणी बदलतो. एक कॉर्ड. आणि 'ऑन द रन' ऐका, आधी ते गिटारवरचं लांबलचक काहीतरी होतं, मग सिंथेसायझरवर आठ सुरांची ओळ हळू वाजवून दिली आणि वेग वाढवत नेला की विमानतळावर धावत सुटल्यासारखं होतं. तेवढंच. 2007 मधे वॉटर्स मुंबईत आला होता तेव्हा त्यानं ही रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली, मी पार मागे उभा होतो, माझ्या पुढे चाळिशीचे दोन गृहस्थ 'टाइम'च्या टोल्यांना रडत होते आणि एकमेकांकडे बघायचं टाळत होते. चपळाईनं रडू येतं का, तुम्हीच सांगा. येत असेल तर पुढच्या अंकात तुमचं छापतो.

प्रश्न : मी 71 वर्षांचा आहे. 1976 साली मस्कतला नोकरीला असताना ही एलपी घेतली होती, आत एक पोस्टर आहे, दुसरं वाळवीनं खाल्लं. कव्हरवर पुढे बँडचं किंवा रेकॉर्डचं नावच नाही. नातू म्हणतो आजोबा ही डुप्लिकेट असणार, आणि खरी निघाली तर विकू, नेटवर लाखाची किंमत दाखवतात. कव्हरवरच्या इंद्रधनुष्यात रंगही सहाच आहेत. (नागपूर)

उत्तर : काका, नातवाला सांगा कव्हरवर नाव नसणं हीच खरी गोष्ट. हिप्नॉसिस नावाची मंडळी कव्हरं करायची, त्यातल्या स्टॉर्म थॉर्गरसननं बरेच नमुने आणले होते, राइटचं म्हणणं एवढंच होतं की काहीतरी साधं आणि नेटकं द्या, आणि उजेडातून इंद्रधनुष्य काढणारा काचेचा लोलक बघितल्यावर चौघांनी दोन मिनिटांत हो म्हणून टाकलं. प्रत्यक्ष चित्र काढलं जॉर्ज हार्डीनं. रंग सहाच आहेत, पारवा गाळलाय, शाळेत तानापिहिनिपाजा पाठ केलेल्या आपल्यालाच ते टोचतं. कव्हर उघडा, आत रंगांचा पट्टा चालू राहतो आणि त्यातली एक रेघ ईसीजीसारखी वरखाली जाते, आणि मागच्या बाजूला दुसरा लोलक उलटा. दुकानात कव्हरं उघडून एकाला एक लावली की उजेडाची अखंड माळ व्हायची.

किमतीचं म्हणाल तर लाखाच्या गोष्टी आहेत त्या इंग्लंडातल्या अगदी पहिल्या छपाईच्या कोऱ्या प्रतींच्या, तिच्या मधल्या लेबलवर त्रिकोण निळा भरीव असतो. नंतरच्यांना नुसती त्रिकोणाची रेषा. तुमची 76 ची म्हणजे बहुतेक रेषाच असणार, भिंग घेऊन बघा. रेषा निघाली तर नातवाला सांगा बेटा गाडी काही यातून येणार नाही.

विकायची असो नसो, आधी तपासून घ्या. लख्ख उजेडात तिरकी धरा, नखाला लागेल असा ओरखडा आहे का बघा. मऊ कोरड्या ब्रशनं गोल गोल धूळ काढा, घरातलं स्पिरिट वगैरे चोळू नका. प्लेयर शेजाऱ्याकडून आणा, पण सुई नवी असलेला. सुरुवात जवळजवळ शांततेतून होते, मेसनच्या मोठ्या ड्रमवर केलेले हृदयाचे ठोके लांबून जवळ येतात, पहिल्या अर्ध्या मिनिटात खरखर किती ऐकू येते त्यावरून प्रतीची तब्येत कळते. नातवाला शेजारी बसवा. आणि दुसरी बाजू संपत आली, ठोके बारीक बारीक व्हायला लागले की तो उठेल सुई उचलायला, त्याला हात धरून खाली बसवा, वॉचमनचं अजून बोलून व्हायचंय.